सारजाचा डबा

भिगवण
१२ जानेवारी २०२५

चि. निकितास कुशाबाई आजीचा आशीर्वाद.

पत्र बघून हसू नको. तिसरीत शाळा सुटली तरी माझं अक्षर तुझ्या बापापेक्षा बरं हाय. फोन आमच्या स्वयंपाकघरात एकच, तो वहिदाचा, आणि ती भाजी चिरताना तो स्पीकरवर ठेवती. आपण बोललेलं सगळं कांद्या-बटाट्याला कळतं. म्हणून हे तिच्या नवऱ्याच्या, चाँदभाईच्या हाती धाडते. तो दिवसाआड टेम्पो घेऊन बारामतीच्या मंडईत येतो. त्याच्याच हाती उत्तर दे.

तू म्हणालीस, तुमचं ऑफिस गरीब संस्थांना कमी खर्चात इंटरनेटवर पुढं आणतं. आमच्याइतकी गरीब तुला घावायची न्हाय. तेवीस म्हातारी माणसं, पोरं कुणाची पुण्याला, कुणाची त्याच्याही पल्याड. दुपारी प्रत्येकाला एक डबा, एवढाच आमचा कारभार. धान्य देणारे शेटजी दिवाळीत वारले. त्यांचे ल्योक म्हणले, पाडव्यापर्यंत देतो, पुढं तुमचं तुमी बघा. म्हणजे पाडव्याला गाव गुढी उभारणार आणि आमी चूल विझवणार.

तू चेहऱ्यांचे फोटो मागितलेस. वहिदाचा फोन घेऊन घरोघर फिरले. म्हस्कू आबानं दार लावून घेतलं. आतनं म्हणतो, "माझा ल्योक पुण्यात सोसायटीचा चेअरमन हाय. बाप फुकटचं खातो हे त्यानं फोनवर बघायचं व्हय?" एक म्हातारी म्हणाली, "काढ, पण मी मेल्यावर दाव." बाकीच्यांनी पदर तोंडावर घेतला. त्यांचं चुकलं असं मला वाटत न्हाय. भाकरी देतो म्हणून तोंड मागायचं, हा कुठला धंदा? तवा चेहऱ्याबिगर जमत असलं तर बघ.

तुझी आजी


बारामती
१७ जानेवारी २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

चेहऱ्याशिवाय जमत नाही गं आजी. मोठ्या संस्था जाहिरातीवर खर्च करतात, आपल्याला ते परवडत नाही. मग स्क्रीनवरून सरकत जाणारा माणसाचा अंगठा थांबवायचा तर तो चेहऱ्यानेच. "तेवीस डबे, तेवीस एकटी माणसं" असं नुसतं लिहून बघितलं. सात जण थांबले, त्यातली एक मी.

म्हणून मार्ग काढलाय. कॉम्प्युटरला सांगून एका आजीचा फोटो तयार करून घेतला. ही बाई जगात कुठेच नाही, त्यामुळे कुणाची अब्रू जायचा प्रश्न नाही. नाव ठेवलं सारजा. खाली लिहिलं: सारजाआजीचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, मुलगा लांब गेला, पाण्याकाठच्या चिंचेखाली बसून ती रोज डब्याची वाट बघते. आमचे साहेब, अजित सर, म्हणाले की यात खोटं काही नाही. तेवीस जणांचं मिळून एक चित्र आहे.

चार दिवसांत पोस्ट कुठल्या कुठे गेली. लोक "सारजाआजीच्या डब्यासाठी" म्हणून देणगी पाठवताहेत. फोटोची प्रिंट सोबत देते. पाडव्याची काळजी सोड.

तुझी निकिता


भिगवण
२९ जानेवारी २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

तुझी सारजा बघितली. लुगडं चांगलं नेसलीय. पण डोळे असे, की फोटो काढणाऱ्याच्या मागं कोण उभं हाय ते तिला दिसतंय. आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताला सहा बोटं हायत. मी तीनदा मोजली, वहिदानं दोनदा. तुझ्या मशिनीला पाचपर्यंत येत न्हाय व्हय?

आता ऐक. ज्याच्या नावानं शिधा येतो त्याच्या नावानं पान वाढायचं, हा माझ्या चुलीचा कायदा हाय. सारजाच्या नावानं आलेलं मी म्हस्कूला घातलं तर मी चोर. म्हणून चोविसावा डबा भरला. चाँदभाई म्हणला, "आक्का, हा नेऊन द्यायचा कुणाला?" मी म्हणले, "पोरीनं लिहिलंय तितं. पाण्याकाठी शेवटच्या घराच्या पुढं एक चिंच हाय की. ठेव खाली. कुत्री-कावळे खातील." तो तौबा तौबा करत गेला.

दुसऱ्या दिवशी डबा चिंचेखालीच होता. रिकामा, घासलेला, झाकण लावलेला. राखेनं घासलेला, निकिता. आता राखेनं कोण भांडी घासतं? आणि आत चार चिंचा. शेजारणीचं भांडं रिकामं परत धाडू नये, हे तुझ्या आईलासुद्धा मला शिकवावं लागलं. हा कोण रीतभात असलेला चोर निघाला?

परवा आत शिंपल्या होत्या. काल मूठभर जोंधळा. मी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला. दगडी जोंधळा हाय. माझ्या सासूच्या वक्ताला नदीकाठच्या काळ्या रानात पिकायचा. ती रानं आता धरणाच्या तळाला हायत, आणि वर बघशील तितं ऊस.

मला भुताची भीती न्हाय. भुतापेक्षा माणूस जास्त खातो. पण एक सांग, हा चेहरा तू आणलास कुठनं?

आजी


बारामती
४ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

चेहरा कुठूनच आणला नाही गं. मशीन लाखो फोटो बघून नवा तयार करतं. सहा बोटं ही त्याची नेहमीची चूक, हात काढताना हमखास गडबडतं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी ते जास्तीचं बोट पुसून टाकलं. आणि डबा एखादा मासेमार नेत असेल. तिकडे दिवसभर होड्या असतात. नेऊ दे.

खरी अडचण वेगळीच आहे. एका माणसाचा निरोप आलाय. नाव रावजी, राहतो अंकलेश्वरला. जसाच्या तसा उतरवते:

"ही माझी आई आहे. धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आईने मला मामाबरोबर भिगवण स्टेशनात गाडीत बसवलं. रानात जोंधळा उभा आहे, तेवढा काढून येते म्हणाली. आली नाही. मामा म्हणायचा, दुसऱ्या वसाहतीत गेली असेल. कुणी शोधलं नाही, मीही नाही. तिचं नाव सारजाच. उजव्या हाताचं सहावं बोट ती कायम पदराखाली लपवायची, तुमच्या फोटोत ते दिसलं आणि मी ओळखलं. आता दोन दिवसांपासून ते दिसत नाही. तुम्ही माझ्या आईचं बोट का कापलं?"

आजी, नाव मी सहज ठेवलं होतं. तो तिला घ्यायला येतो म्हणतोय. खरं सांगितलं तर तो सगळीकडे लिहील, पेज बंद पडेल आणि तुझी चूलही. अजित सर म्हणतात, सोपं आहे, "सारजाआजी वारल्या" अशी पोस्ट टाकू. तोही येणार नाही आणि लोकही जास्त देतील.

मी काय करू? लवकर कळव.

निकिता


भिगवण
७ फेब्रुवारी २०२५

निकिता,

जी जन्मलीच न्हाय तिला मारायला निघालीस? तुझ्या साहेबाला म्हणावं, आधी स्वतःच्या आईच्या फोटोला हार घालून टाक, बघ किती येतात. रावजीला सरळ लिही: बाबा, चेहरा मशिनीचा, नाव माझं, चूक आमची. पेज गेलं तर जाऊ दे. चूल काडीनं पेटते, पेजनं न्हाय.

आणि तुझ्या मासेमाराचं ऐक. तू बोट पुसलंस त्या दिवसापासून डबा भरलेलाच परत येतोय. झाकणसुद्धा उघडलेलं न्हाय. सहा दिवस झाले. मुंगी लागत न्हाय, कावळा बसत न्हाय. पिठलं धाडलं, वांगं धाडलं, काल वहिदानं शेवया करून घातल्या. तश्याच. वहिदा म्हणती, "कुशाक्का, ती रुसली." चाँदभाई टेम्पोतनं खाली उतरायचा बंद झालाय, खिडकीतनं हात लांब करून डबा ठेवतो आणि उचलतो.

ते बोट परत लाव. "आजी, तू असलं मानतेस का?" असं विचारशील, तर मी मानत न्हाय. पण माझ्या चुलीवरचं जेवणारा उपाशी उठलेला मला खपत न्हाय. तो असो, नसो.

आजी


बारामती
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस नमस्कार.

बोट परत लावलं आहे. रावजींनाही कळवलं. ते आता तिला न्यायला येणार नाहीत. देणग्या दुपटीने वाढल्यात, पाडव्यानंतरही पुरेल असं दिसतंय. ऑफिसात फार काम आहे, महिनाभर पत्र आलं नाही तर रागावू नकोस.

डबा आता रिकामा येतो का?

निकिता


भिगवण
२४ फेब्रुवारी २०२५

निकिता,

डबा रिकामा येतो. ते मागनं.

काल दुपारी डबे भरत होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. साठीला टेकलेला, डोक्याचा गोटा केलेला, मिश्या काढलेल्या, खांद्यावर पंचा. म्हणला, "कुशाबाई कोण? मी सारजाचा रावजी. आईला कुठं दिला अग्नी?"

माझ्या हातातला डाव वरणात पडला. वहिदा "या अल्ला" म्हणून खाली बसली.

त्यानं फोन काढून दावला. सारजाच्या फोटोला हार. खाली लिहिलेलं, सारजाआजी आपल्यातून गेल्या, त्यांच्या तेराव्याचे डबे तुमच्या हातून जाऊ द्या. म्हणजे माझं पत्र तू वाचलंस, घडी घालून ठेवलंस आणि मग बाईला मारलंस. वर मला लिहितेस, "रावजींनाही कळवलं." व्हय, चांगलंच कळवलंस. घर सोडताना त्यानं केस काढले.

मी त्याला पाटावर बसवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं. बाबा, आमची सारजा नव्हतीच. चेहरा मशिनीनं केला. नाव माझ्या नातीनं दिलं. मरणही तिनंच दिलं.

मला वाटलं आता हाणतो. तो तांब्याभर पाणी प्याला. मग हळू म्हणला, "मावशी, मशिनीनं केला, कबूल. पण सत्तेचाळीस वर्षांत त्या बोटाचं मी माझ्या बायकोलासुद्धा बोललो न्हाय. मशिनीला कुणी सांगितलं?"

ह्याचं उत्तर तू दे. तू शिकलेली हायस, तुला येतंय का बघ.

मग विचारतो, "डबा कुठं ठेवता?" चाँदभाईनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले. पहिलं तू पेजवर खरं लिही, एक अक्षर न गाळता. तवर मी ह्याला चिंचेकडं नेणार न्हाय. खोट्याच्या पाटावर मी कुणाला जेवायला बसवत न्हाय. तो चाँदभाईच्या घरी उतरलाय. दिवसभर ओसरीवर बसून पाण्याकडं बघत असतो.

आशीर्वाद ह्या बारीला न्हाय.

आजी


बारामती
४ मार्च २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

रविवारी लिहिलं. चेहरा कॉम्प्युटरचा, नाव मी ठेवलेलं, मृत्यू खोटा, आणि हे सगळं करणारी मी, माझ्या नावानिशी. अजित सरांना विचारलं नाही, म्हणून सोमवारपासून ऑफिसही नाही. लोकांनी काय काय लिहिलं ते तुझ्या चुलीजवळ सांगण्यासारखं नाही. एकाने लिहिलं, मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खाणारी. ते बरोबर आहे.

बहुतेकांनी हात काढून घेतला. थोडे राहिले. त्यांच्या भरवशावर पाडव्यानंतर रोज अकरा डबे निघतील, तेवीस नाही. कुणाची नावं ठेवायची आणि कुणाची कापायची, ते मला ठरवता येत नाही. मी ठरवूही नये.

फोटो सगळीकडून काढून टाकला. पेजवरून, फोनमधून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. काढायच्या आधी एकदा मोठा करून बघितला. आजी, तिचा उजवा हात मांडीवर होता. तू बोटं मोजलीस तो हात. मी कशालाही हात लावला नव्हता, शपथ घेते. आता तो पदराखाली होता.

निकिता


भिगवण
११ मार्च २०२५

चि. निकितास आशीर्वाद. ह्या बारीला देते.

अकरा डब्यांचं झालं. तेवीसच्या तेवीस जणांना मी हितं बोलावलं. ज्यांना चालवत न्हाय त्यांना चाँदभाईनं टेम्पोत घालून आणलं. वहिदाचा रोजा, तरी बया उभी. मी सांगितलं, पाडव्यानंतर अकरा, बोला, कुणाला उठवू? सगळी एकमेकांच्या पायांकडं बघायला लागली. शेवटी म्हस्कू आबा खाकरला. "कुणाला उठवू नको. दोघांत एक डबा. मला त्या बहिऱ्याबरोबर बसव, माझं बोलणं ऐकून त्याची भूक तरी मरायची न्हाय." हसली सगळी. अकरा दुणे बावीस, आणि तेविसावी म्हातारी पाखरावाणी खाती, ती कुठंही मावली. आता त्यास्नी घरात एकटं जेवायला मिळत न्हाय, हीच काय ती तक्रार.

चोविसावीचं कुणी विचारलं न्हाय. तिच्या नावानं आता शिधा येत न्हाय, म्हणजे माझ्याच कायद्यानं तिचं पान उठलं. तसं मी रावजीला सांगितलं. तू खरं लिहिलंस, तवा त्याला चिंचेकडं न्यायला माझी ना नव्हती. तो म्हणला, "मग शेवटचा डबा मी नेतो."

काल दुपारी दोनला गेलो. पाणी आता बरंच मागं हटलंय, चिंचेपुढं नुसता भेगाळलेला गाळ. मी आणि चाँदभाई टेम्पोत बसलो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, तवा माझी साक्ष धरू नको. चाँदभाईची नजर चांगली, पण तो सगळा वेळ स्टेरिंगवर डोकं टेकून कलमा पढत होता.

रावजी चिंचेखाली आमच्याकडं पाठ करून बसला. डबा सोडला. भाकरीचे दोन भाग केले, एक समोर ठेवला. मग बोलायला लागला. काय ते ऐकू येत नव्हतं. मधनंच गप व्हायचा, मान हलवायचा, परत बोलायचा. माणूस एकटं बडबडतं तवा असं थांबत न्हाय. दुसऱ्याचं ऐकायचं असलं तरच थांबतं. तासभर हे चाललं. वारा पडलेला. पाण्यावर पाखरं होती, त्यांचा आवाज न्हाय.

परत आला आणि आमच्या मधी बसला. डबा घासलेला, त्यातनं अजून पाणी ठिबकत होतं. त्याचे हात कोरडे.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "जेवली का?"

"जेवली."

चाँदभाईनं गाडी सुरू केली ती दुसऱ्या गिअरातच चालवली. स्टेशनचा रस्ता लागला तवा रावजी म्हणला, "मावशी, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला तिनं. म्हणली, कोण मेलं रे, मुंडण केलंस ते?"

"मग तू काय सांगितलंस?"

"कुणी न्हाय म्हणलं. चुकून केलं."

त्यानं परतीचं तिकीट चाँदभाईच्या खिडकीतनं सोडून दिलं. मी म्हणले, राहायचं तर रहा, पण हितं बसून खायला मिळत न्हाय, उद्यापासनं भाकरी थापायची. आज पहिली थापली. नकाशा निघाला. आईच्या डब्याचा शिधा तो स्वतः घालणार हाय, म्हणून यादीत तिचं नाव मी परत लिहिलं. कायदा तो कायदा.

आता तुझं. गाडीतनं उतरताना तो म्हणला, "आणि माझं मरण लिहिणाऱ्या पोरीला एकदा जेवायला धाड म्हणली."

मी त्याला न्हाय म्हणले न्हाय. ऑफिस न्हाय म्हणतेस, म्हणजे सवड हाय. गुरुवारी चाँदभाईच्या टेम्पोनं ये. चांगलं लुगडं नेस, केस बांध, काय बोलायचं ते वाटेत ठरव. चिंचेपर्यंत मी तुझ्याबरोबर येईन. पुढं तुझं तू जायचं.

आजी